राहणार: वाटेवर

मी माणूस आहे, हे आज सकाळपासून सिद्ध होत नाहीये.

पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरतोय. पोर्टल म्हणतं, या नऊ चौकोनांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखा. मी धानोऱ्याकडे वाढलो. आम्हाला बिबट्या ओळखता येतो, सिग्नल नाही. नागरिकावर एवढा अन्याय झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पाचव्यांदा नापास झालो आणि बाबा आठवले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

बाबांनाही स्कॉलरशिपसाठी एकदा सिद्ध करावं लागलं होतं, की ते तेच आहेत.

त्यांच्या अर्जावर साक्षीदार म्हणून एका मेलेल्या माणसाचा अंगठा होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आजोबा तलावावर जाळं टाकायचे. बाबा घरातले पहिले मॅट्रिक. नागपूरच्या कॉलेजात जायचं तर सरकारी स्कॉलरशिप हवी. हेडमास्तरांचा दाखला मिळेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. अर्ज कचेरीतून दुपारी चारच्या टपालाने निघायलाच हवा होता.

नाही निघाला, तर दुसऱ्या सकाळी जाळ्याचं दुसरं टोक बाबांच्या हातात. आजोबांनी तसं सांगूनच ठेवलं होतं.

कचेरीपर्यंत जंगलातली पायवाट. वाटेत कवडूचा ढीग.

कवडूला त्या जागी वाघाने नेलं होतं. कधी, ते कुणालाच आठवत नव्हतं. येणारा-जाणारा तिथे ओली फांदी टाकतो आणि मोठ्याने म्हणतो, "कवडू, फांदी घे, इथीच राय."

नाही टाकली, तर तो सोबत निघतो.

त्रास देत नाही. फक्त येतो.

"फांदी टाकजो रे बाप्पा," आजीने निघताना बजावलं होतं.

बाबांच्या हातात अर्ज ठेवलेली बांबूची नळी, आणि डोक्यात मॅट्रिक. नाही टाकली.

पावसाआधीचे दिवस. वाटभर सागाची सुकी पानं. बाबा सांगायचे, "मी थांबलो का मांगचा आवाज बी थांबे. पन एक पाऊल उशिरानं."

कचेरीतला कारकून वरोऱ्याकडून नुकताच बदलून आलेला. (कचेरीचं गाव लिहीत नाही. कचेरी अजून आहे आणि तिच्या भावना लवकर दुखावतात.)

"तूच तो, कशावरून? ओळख देनारा कोन हाय?"

"कोनी नाई, साहेब. एकटाच आलो."

"खोटं काऊन बोलून राह्यला बे? कडुनिंबाखाली तो कोन उभा हाय मंग?"

बाबांनी वळून पाहिलं. कडुनिंब होता. त्याची सावली होती.

साडेतीन वाजले होते. कारकून अर्ज आणि शाईचं पॅड घेऊन बाहेर गेला. खिडकीतून बाबांना तो एकटाच दिसत होता. थोडा वाकलेला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा.

परत आला तो बोटं धोतराला पुसत.

"तुहा मानूस लय कमी बोलते रे. अन् अंगाले पानं काऊन चिकटून हायेत त्याच्या? हात तर बरफावानी."

अर्जावर लिहिलं होतं: साक्षीदार, कवडू. राहणार, वाटेवर.

खाली अंगठा.

"मग तुम्ही काय केलं?" मी कॉलेजात असताना विचारलं होतं.

"चारचं टपाल होतं," बाबा म्हणाले. "मी गप्प राह्यलो."

अर्ज केला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. मंजुरी आली तेव्हा छप्पनच्या राज्यपुनर्रचनेत गाव जागचं न हलता मुंबई राज्यात गेलं होतं. अशा गडबडीत साक्षीदाराचा पत्ता कोण तपासतो?

मला विचाराल तर कारकुनाने घाईत स्वतःचाच अंगठा उठवला. मी बाबांना तसं म्हणालोही.

"मले बी तसंच वाटे," ते म्हणाले. "पन बाहेरून आलेल्या मानसाले कवडूचं नाव कोनं सांगतलं?"

पुढे बाबा आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. आणि आयुष्यभर ती वाट टाळून लांबच्या रस्त्याने गेले.

एकदा मी चिडलो. "एक फांदी टाकून मोकळे का होत नाही?"

"टाकली तर तो तिथीच थांबन न." ते म्हणाले, "नागपुरात मले वळखनारं कोन होतं रे? पन खानावळवाली पयल्याच दिवशी दोन ताटं घेऊन आली."

गेल्या वर्षी चंद्रपूरच्या दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, सिस्टर माझ्यावर वैतागल्या. "एका पेशंटमागे एकच पास हाय, भाऊ. त्या दुसऱ्या मानसाले बाहेर बसवा."

खोलीत मी होतो. पलंगावर बाबा होते, डोळे मिटलेले.

मी "हो" म्हणालो आणि कुणालाच बाहेर बसवलं नाही.

आज दुपारी लॅपटॉप मिटला आणि त्या वाटेने गेलो. आता डांबरी रस्ता आहे. पण रस्त्याने ढिगाला वळसा घातलाय. आमच्याकडचा कंत्राटदार दुसऱ्या कुणालाही घाबरल्याचं मला माहीत नाही.

एक ओली फांदी तोडली. ढिगावर ठेवली.

"कवडू, ही बाबांची. उशीर झाला, राग नको धरू."

माझी मात्र टाकली नाही.

फॉर्म आज-उद्या जाईलच. पुढच्या महिन्यात पोरीला पुण्याच्या होस्टेलवर सोडायला मीच जाणार आहे. तिथे तिला ओळखणारं कुणी नाही.

येताना मी एकटा आलो तरी चालेल.

बाबा, तुमची फांदी पोचवली. सुखाने जा.