लांबीखालची भेग

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण घोडे रंगवायची. लाकडाचे. गावोगाव फिरणाऱ्या आनंदमेळ्यात आमची घोड्यांची चक्री असायची. तिच्यावरचे चोवीस घोडे आजेसासऱ्यांनी घडवलेले आणि रंग वन्संच्या हातचा. लोक म्हणतात, अपघात अचानक झाला. मी तिकीटखिडकीत बसायचे. मला विचाराल तर तो सात महिने होत होता.

वर्षातले तीन महिने मेळे बंद. तेव्हा चक्री सुटी करून एका गोदामात ठेवायची आणि वन्संनी एकेक घोडा खरवडून नव्याने रंगवायचा, असा शिरस्ता होता. वन्सं पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, बोलायला तुटक. पण रंग खरवडायची पत्री हातात आली की त्यांची जीभ सैल व्हायची.

"हे बघ," घोड्याच्या मानेवरचा पोपडा काढत त्या मला म्हणायच्या, "हा हिरवा बाबांच्या वेळचा. डिझेल इंजिन आलं तेव्हाचा. खाली हे काळपट दिसतंय ना, ती वाफेच्या इंजिनाची काजळी. कितीही घासा, जात नाही. आणि सगळ्यात तळाला हा पिवळा. तेव्हा इंजिनच नव्हतं. खांबाला एक आंधळं तट्टू जुंपलेलं असायचं. ते दमलं की चक्री थांबायची."

"आणि आता?"

"आता कोण दमतंय!"

आता म्हणजे आमच्या ह्यांनी बसवलेली विजेची मोटर. लोकांना वेग हवा होता. शेजारच्या लोखंडी पाळण्यांसमोर आमची चक्री म्हाताऱ्यांची वाटायला लागली होती. मोटर आल्यावर घोडे असे पळू लागले की बायका ओरडायच्या आणि पुन्हा तिकीट काढायच्या. सांगाडा मात्र तोच, तट्टाच्या जमान्यातला. मधला खांब आणि छत्रीच्या काड्यांसारख्या बारा तुळया. एकेका तुळईला दोन घोडे टांगलेले.

त्या वर्षी सातव्या तुळईत, अगदी खांबाजवळ, वन्संना भेग दिसली. केसाएवढी. त्यांनी ह्यांना बोलावलं. ह्यांनी नखाने चाचपून पाहिलं.

"ताई, लाकूड आहे. उकलायचंच. लांबी भर आणि रंग मार."

लांबी म्हणजे भेगा बुजवायला रंगारी वापरतात तो लगदा. वन्संनी लांबी भरली. पण त्याआधी भेग जिथे संपत होती तिथे त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि मग वरून लाल रंग दिला. शिडी मीच धरली होती.

पहिल्या मुक्कामानंतर लांबी तडकली. खरवडून पाहिलं तर भेग रेघेच्या दोन बोटं पुढे गेलेली. नवी रेघ, नवी तारीख, नवी लांबी. पुढच्या मुक्कामात आणखी तीन बोटं. वन्संनी ह्यांना पुन्हा शिडीवर चढवलं.

"तुळई बदल. नाहीतर निदान मोटर हळू लाव."

"हंगाम संपला की बदलू," हे म्हणाले. "तू रंगाचं बघ ना ताई. चक्रीचं मी बघतो."

तोपर्यंत मलाही ऐकू येऊ लागलं होतं. दर फेरीला सातवी तुळई माझ्या खिडकीसमोरून गेली की बारीक 'कर्र' व्हायचं. जुनं दार कोणीतरी जपून उघडावं तसं. तिकीट फाडता फाडता मी फेऱ्या मोजू लागले. मोजायचं नाही असं ठरवलं तरी कान तिकडेच. मी ह्यांना सांगितलं. त्यांनी गाण्यांचा भोंगा माझ्या खिडकीकडे फिरवला.

एका रविवारी भर दुपारी चक्री गच्च भरलेली असताना वन्सं रंगाचे हात तसेच घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. घोडे हळूहळू थांबले. लोक वैतागले. हे धावत आले.

"वेड लागलंय का तुला?"

"उतरव सगळ्यांना. तुळई जाणार आहे."

ह्यांनी सगळ्यांच्या देखत हातोडा घेतला आणि तुळईवर तीन घाव घातले. "ऐकलंत? ठणठणीत आहे!" लोक हसले. चक्री सुरू झाली. मी खिडकीची फळी घट्ट धरून बसले होते. संध्याकाळ झाली, मेळा मिटला, काहीही झालं नाही.

पुढचे पाच आठवडे काहीच झालं नाही. आम्हाला त्यानेच बुडवलं. हे जेवताना म्हणायचे, "ताईची तुळई अजून जिवंत आहे बरं का!" आणि खरं सांगते, मीही हसायचे. वन्सं खाली मान घालून जेवायच्या. दुसऱ्या दिवशी लांबीचा डबा घेऊन पुन्हा शिडी चढायच्या.

"पटत नाही तर भरता कशाला?" मी एकदा विचारलं.

"मी नाही भरली तर तो भरेल, आणि वाईट भरेल." मग डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या, "आणि त्याला नाही म्हणायची मला सवयच नाही. त्या दिवशी एकदाच म्हटलं."

तो गुरुवार होता. साडेतीनचा सुमार, स्वच्छ ऊन, चक्रीवर जेमतेम नऊ माणसं. मी मान वर केली ती आवाज आला म्हणून नव्हे, 'कर्र' व्हायच्या वेळी ते झालं नाही म्हणून. मग ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. सातवी तुळई खाली झुकली आणि तिचे दोन्ही घोडे स्वारांसकट बाहेर फेकले गेले. एकावर शाळेतल्या बाई होत्या, दुसऱ्यावर त्यांची भाची. भाचीला खरचटलं. बाई तंबूच्या खुंट्यांवर पाठीवर पडल्या. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत.

चौकशीला जायच्या सकाळी ह्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "भेग कोणालाच माहीत नव्हती. आतून किडली होती. कळलं?" मी मान हलवली. वन्संनी हलवली नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

साहेबांच्या टेबलावर तुळईचा तुटका तुकडा ठेवला होता. आधी मला विचारलं, "तुम्हाला काही दिसलं होतं? ऐकलं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

मग वन्सं. त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "लांबी मी भरली. सहा वेळा. रंग खरवडा, खाली तारखा सापडतील."

साहेबांनी पत्री मागवली. खरवडायला वन्संनाच सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नीट जमेना. एकेक तारीख वर येत गेली तसा ह्यांचा चेहरा उतरत गेला. ह्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. वन्संनी स्वतःहून कबूल केलं म्हणून त्यांना आठ महिने. मला काहीच नाही. घोडे एका हॉटेलवाल्याने नेले.

सुटून आल्यावर वन्संनी खुर्च्यांच्या एका कारखान्यात घासकाम धरलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले.

"वन्सं, मी तिथे खोटं बोलले."

"माहीत आहे. मी शेजारीच उभी होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चहा घेशील?"

यंदा हे सुटले. दोन महिन्यांत एका भागीदाराच्या नावावर त्यांनी जुना लोखंडी झोपाळा घेतला. साखळ्यांना खुर्च्या टांगलेला, उंच, पूर्वीच्या चक्रीच्या दुप्पट वेगाचा. गेल्या आठवड्यात मला दाखवायला घेऊन गेले.

"आता लाकडाची भानगडच नको. बघ, रंग कसा झकास बसलाय. खिडकी तुलाच सांभाळायची आहे."

निळा रंग जाड होता. इतका जाड की लोखंडाला तेवढा कशाला, असं कोणालाही वाटावं. हे भागीदाराशी बोलायला पलीकडे गेले तेव्हा मी किल्लीच्या टोकाने एका सांध्यावर ओरखडा काढला. खाली लांबी होती. पांढरी, ताजी, अजून मऊ.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. परवाना देणाऱ्या कचेरीत गेले आणि सात महिन्यांची ती सगळी हकिगत, माझ्या 'नाही'सकट, अर्जात लिहून दिली. कारकुनाने शिक्का मारला. "तपासू," म्हणाला. तेव्हापासून मी वन्संकडे राहते. कचेरीतून अजून कोणी तपासायला गेलेलं नाही. मी रोज जाऊन विचारते. झोपाळा शुक्रवारी सुरू होणार, अशी पाटी मैदानावर लागली आहे. आज मंगळवार.