अपडेटकाकांनी ‘हो’ म्हणायला शिकवलं

सोमवारी सकाळपासून आभाळ दाटून आलेलं, आणि अशा हवेत अपडेटकाकांचे गुडघे जिन्याशी भांडण काढत. रुग्णालयाचे तीन मजले, एकतीस कॉम्प्युटर, आणि त्या सगळ्यांचं करणारा हा एकटा माणूस. एकेका टेबलाशी उभं राहायचं, ब्राउझर तपासायचा, शिळी प्लग-इन्स काढून नवी घालायची, आणि वर लोकांची तोंडं वाकडी झालेली बघायची. एकोणीस वर्षं हेच.

जन्मनोंदणीच्या ताई तर दुधानं तोंड पोळलेल्या. चार वर्षांपूर्वी काकांनी त्यांचा ब्राउझर अपडेट केला आणि दाखले छापणाऱ्या जुन्या प्लग-इननं मान टाकली. तीन दिवस रांगेतल्या लोकांनी ताईंना फाडून खाल्लं. तेव्हापासून अपडेटची खिडकी दिसली की ताई ‘नंतर’ दाबून मोकळ्या. काकांनी वर्षभर डोकं फोडलं, तेव्हा कुठे गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “बरं बाबा, म्हणेन ‘हो’.”

आज ताई दारातच उभ्या होत्या.

“म्हटलं बघा ‘हो’. आता एक नोंद उघडेल तर शपथ.”

स्क्रीनवर, पानाच्या मधोमध लाल चौकट, आत ‘अपडेट करा’. काकांनी आधी नेटची वायर उपसली, मग खुर्चीत अंग टाकलं.

“ही आपली नव्हे, ताई. आपली वर कोपऱ्यात येते. ही चोराची, नोंदींना कुलूप घालणारी.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

काकांनी ‘हो’ म्हणायला शिकवलं, कुणाला म्हणायचं ते राहूनच गेलं.

“दोन महिन्यांनी निवृत्त होतेय,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “जाता जाता डाग लागायचा.”

तेवढ्यात साहेब आलेच. “कुणी दाबलं हे?”

“दाबायला मी सांगितलं होतं,” काका म्हणाले.

“एवढी वर्षं झाली तुम्हाला, काका.”

“झाली खरी.”

“लेखी द्या,” म्हणून साहेब निघून गेले. काकांनी तिथंच, ताईंच्याच पेनानं, चार ओळी खरडल्या. त्यात ताईंचा उल्लेख नव्हता.

नोंदींची शुक्रवारी काढून ठेवलेली प्रत शाबूत निघाली. शनिवारच्या नोंदी तेवढ्या वहीतून पुन्हा घालाव्या लागणार होत्या.

“बावीस पोरं पुन्हा जन्माला घालायची म्हणा की,” ताई म्हणाल्या आणि वही ओढून बसल्या.

काकांनी त्यांना कपाटातलं दुसरं मशीन जोडून दिलं. मग कठड्याला धरून वर गेले, औषधांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर अपडेट सुरू केलं, आणि पट्टी टोकाला जाईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले.