आत्याचा गोळ्यांचा डबा

आत्याला औषध फेकवत नसे. ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या डब्यात, आणि घरात कुणी खोकलं की डबा बाहेर. "दोन घे, पुरे," म्हणायची. मी झाँसीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या तपासण्या करायची, अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, हे तिला सांगून सांगून थकले. "तू मोठी डॉक्टरीण लागून गेलीस," एवढंच उत्तर.

मग तिलाच लघवीच्या संसर्गाने ताप भरला, उतरेचना. नमुना मीच लावला. प्लेटवर जंतू पसरायचे आणि वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. जवळच्या चिरगाँवहून आलेल्या इतर रुग्णांच्या नमुन्यांना गोल होते. आत्याच्या प्लेटवर एकही नाही. जंतू चकत्यांना अगदी खेटून वाढले होते, जणू तिथे काही ठेवलेलंच नव्हतं. आईच्या मागे मला हिनेच वाढवलं होतं.

आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "ये एन्झाइम छोड़ते हैं बिटिया, दवा को पहले ही तोड़ देते हैं. एन्झाइम रोकने वाली डिस्क पास में लगाकर देखो." मी लावली. दुसऱ्या सकाळी दोन चकत्यांच्या मधे बोटभर जागा स्वच्छ होती. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. ती दोन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांनी आत्या चार दिवसांत उठून बसली.

पुढच्या आठवड्यात डबा उघडला, तर त्याच गोळ्या आत. माझं डोकंच फिरलं.

"ओरडतेस काय? तुझ्यासाठी राखल्यात," ती म्हणाली. "तुझा घसा सारखा धरतो."

लहानपणापासून त्या डब्यातलं मी किती गिळलं होतं, ते तेव्हा आठवलं. लॅबमध्ये कुणाला न सांगता मी स्वतःच्या शौचाचा नमुना लावला. मला काहीच होत नव्हतं. भूक चांगली, झोप चांगली. त्यातले जंतू वाढवले, त्याच चकत्या तशाच जवळजवळ ठेवल्या. सकाळी प्लेट खिडकीशी धरली. गोल नव्हतेच. आत्याच्या प्लेटवर स्वच्छ राहिलेली मधली जागाही माझ्या प्लेटवर जंतूंनी भरली होती.

संध्याकाळी घरी आले तर तोंडातून शब्द फुटेना. आत्याने दारातच कपाळाला हात लावून पाहिला.

"घसा धरलाय ना गं?" ती म्हणाली. दुसऱ्या हातात तिने डबा आणलाच होता.