उभ्यानं दिलेली मुलाखत

बसून गणित शिकवणारं माणूस मी तरी आजवर पाहिलं न्हाय. पण मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या पुण्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "खुर्चीत ताठ बसा, हात टेबलाखाली, नजर कॅमेऱ्यात." म्हटलं, बाई, गणित शिकवू की फोटो काढून घेऊ?

मी तेव्हा कळंबच्या एका विनाअनुदानित शाळेत आठवीला गणित शिकवत होते. अनुदान आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता केस पिकायला लागले. शेवटी परदेशातल्या, बेटांवरच्या शाळांच्या जाहिराती बघून अर्ज ठोकले. नवरा एकांतात म्हणाला, "जा, इकडचं मी बघतो." त्याच्या वडलांपुढं मात्र त्याची दातखीळ बसते.

पहिल्या मुलाखतीची पार माती झाली. पडद्यावर पिकल्या केसांचे प्रिन्सिपॉल आले आणि मी टुणकन उभी राहिले! आमच्यात सासरे घरात आले की सुना उठून उभ्या राहतात. वडीलधारं माणूस दिसलं की पाय आपले आपणच उठतात. त्या बिचाऱ्यांना दिसल्या फक्त माझ्या साडीच्या निऱ्या. ते हसले. मी घामाघूम होऊन खाली बसले आणि पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणत सुटले. दुसऱ्या दिवशी नकार आला.

सासऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "घराचं हसं झालं तेवढं लई झालं. आता एकदाच काय ते बघ. न्हाय जमलं तर शाळा बी सोडायची आन् येरमाळ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं." हायवेला त्यांचं खताचं दुकान आहे. शाळा सोडायची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडानं मात्र "व्हय मामा" म्हणाले. त्या 'व्हय'चा मला अजून राग येतो.

मग दुसऱ्या एका शाळेनं बोलावलं. फोनला रेंज फक्त कडब्याच्या खोलीत, म्हणून तयारी तिथंच. पुन्हा उठू नये म्हणून मी पदराची गाठ खुर्चीला मारली. खरंच मारली! तशी बांधलेली शिकवायला लागले तर माझाच मला कंटाळा आला. चिडून गाठ सोडली आणि खुर्ची अंगणात नेऊन आपटली. पेंडीच्या पोत्यांवर, मी अख्खी दिसेन इतका उंच फोन ठेवला. भिंतीला काळा रंग फासून फळा केला. पुण्याच्या मॅडमना कळवलं, "मी उभीच राहणार." त्या म्हणाल्या, "रिस्क आहे हं." म्हटलं, असू द्या की.

ह्या वेळी समोर दोन बाया होत्या. "बसा ना," एक इंग्रजीत म्हणाली. "नको, मला उभ्यानंच शिकवता येतं," म्हणत मी खडू उचलला. आमच्या पोरांना मी उणे संख्या विहिरीवरून शिकवते: जमीन म्हणजे शून्य, खाली उतराल तसं उणे. त्यांना म्हटलं, तुमच्याकडं समुद्र आहे, पाण्याची पातळी शून्य धरा आणि मारा बुडी. एकीनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. मी लगेच झापलं, "नीट बघा की, वर आलात का खाली गेलात?" सवयच ती! दोघी हसल्या, पण पुढं सरकून ऐकायला लागल्या.

शेवटी मोठ्या मॅडमनी विचारलं, "घरच्यांची परवानगी आहे ना?" घरचे माझ्या पाठीशी आहेत, हे वाक्य मी इंग्रजीत पाठ केलं होतं. तेवढ्यात सासरे कडबा न्यायला आले आणि दारातच थांबले. इंग्रजी त्यांना कामापुरतं कळतं. तरी मी म्हणाले, "नो मॅडम. सासऱ्यांची न्हाय. पण मी येणार."

"कळवतो" म्हणून त्यांनी फोन बंद केला.

"परक्यांपुढं घरची अब्रू काढलीस," सासरे म्हणाले. "आन् त्यांनी बी न्हाय म्हटलं तर?"

"तर तिसरी मुलाखत देईन मामा, चौथी देईन. पण शाळा सोडणार न्हाय आन् गल्ल्यावर बसणार न्हाय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाय."

सासरे कडबा न घेताच निघून गेले. निवड झाल्याचा मेल नंतर आला, त्याचा आनंद झालाच. पण तो यायच्या आधीच मी त्या गल्ल्याला न्हाय म्हटलं होतं, त्याचा आनंद जास्त.