छत्रीमागची सतरा माणसं

मी केदारखेड्याच्या शाळेत भूगोल शिकवते. नकाशा कसा वाचावा हा धडा इतक्या वेळा शिकवलाय, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझी बाजू घेण्यासारखं काही नाही.

माझा नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे. आमचं जालना म्हणजे बियाण्यांचंच गाव, त्यात काही नवल नाही. नवल झालं ते कंपनीनं त्याला मक्याच्या कामावर दोन वर्षं मेक्सिकोला धाडलं तेव्हा, तेही समुद्राकाठच्या एका जुन्या बंदरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जायचं ठरलं. तिकिटं काढायच्या आधीच सासूबाईंनी जाहीर केलं, "मी बी येते. पोरगं तिकडं काय खाऊन राह्यलं ते डोळ्यानं पाह्यल्याबिगर मला बिलकुल चैन पडायचं न्हाई."

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. माहेर मेंढरांचं. लग्न होईपर्यंत बापाच्या कळपामागं त्या पायीच हिंडल्या. अजूनही एका जागी बसायचा त्यांना कंटाळा येतो. नऊवारी नेसून, काळी छत्री काखेत मारून त्या तीन विमानं बदलून गेल्या, आणि उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "लई बसवलं."

नवरा सकाळीच शेतांवर निघून जायचा. तिसऱ्या दिवशी सासूबाई खोलीत फेऱ्या मारायला लागल्या तशी मी खालच्या दुकानातून एक कागद आणला. आपलं आपण पायी फिरून जुनं गाव कसं पाहावं, त्याचा तो नकाशा होता. बारा ठिकाणं, प्रत्येकाला आकडा, आणि मागं इंग्रजीत माहिती. "आत्याबाई, चला," मी सासूबाईंना म्हटलं, "आज मी तुम्हाला गाव दाखवते."

पहिलं ठिकाण गावातला चौक. मधोमध लोखंडी नक्षीचा मंडप, बाजूला बाकं, बाकांवर म्हातारे. मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले, कागद धरला आणि खणखणीत आवाजात आधी इंग्रजी वाचलं, मग त्याचं मराठी करून सांगितलं. शाळेतली सवय, हळू आवाजात मला वाचताच येत नाही. सासूबाईंनी उन्हासाठी छत्री उघडून उंच धरली होती.

दुसरं ठिकाण जुनं नाटकगृह. पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. वाचून झालं तेव्हा मागून टोपीवाले एक आजोबा अदबीनं इंग्रजीत म्हणाले, "बांधायला किती वर्षं लागली म्हणालात? जरा परत सांगता?"

मी वळून पाहिलं. पंधरा-सोळा माणसं उभी होती. गोरी, वयस्क, पायांत पांढरे बूट, प्रत्येकाच्या छातीवर निळं स्टिकर. सकाळी बंदराला मोठं जहाज लागलं होतं, त्यातली ही मंडळी. त्यांच्याही हातात तोच कागद होता. पण उंच धरलेली छत्री, वेगळा पोशाख आणि माझा आवाज ऐकून त्यांनी आपापले कागद घडी करून खिशात ठेवले होते.

"आम्ही वाटाडे नाही हो," मी इंग्रजीत सांगितलं. "आम्ही जालन्याच्या."

"छान!" एक बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं असावं, जालना ही वाटाड्यांची कुठलीतरी संस्था.

"काय म्हनून राह्यले?" सासूबाईंनी विचारलं. मी घोटाळा सांगितला. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, बोट नाचवत काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "सतरा हायेत. येऊन राह्यले तर येऊ दे की. हाकलायचं काहून?"

आणि निघाल्या. कागदावरचा रस्ता उन्हातून जात होता. त्या सावलीच्या अंगानं गेल्या. सतराही सावलीच्या अंगानं गेले.

मोठ्या चर्चच्या पायरीशी सासूबाईंनी चपला काढल्या, देवाचं घर म्हटल्यावर. मागच्या बाईंनी ते पाहिलं आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या. मग टोपीवाले आजोबा. मी "नको, नको, इथं लागत नाही" म्हणेपर्यंत पायरीवर बुटांची रास पडली. आत सगळे मोज्यांवर घसरत घसरत, अतिशय भक्तिभावानं फिरले. बाहेर आलो तेव्हा झाडू मारणारी बाई त्या राशीपुढं कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी तिला मान हलवून "बराबर हाय" अशी खूण केली. ती बाजूला झाली.

मग आठवडी बाजारासारखी मंडई लागली. एका ठेल्यावर निवडुंगाची पानं काटे काढून, चिरून ठेवलेली होती. बाया पिशव्या भरभरून नेत होत्या. सासूबाई जागीच थांबल्या. "आगं, हे तर आपल्या बांधावरचं! हे खातेत?" विकणारीनं एक भाजलेला तुकडा पुढं केला. सासूबाईंनी खाल्ला, बराच वेळ चावला. सतरा माणसं श्वास रोखून वाट पाहत होती. "भेंडीवानी लागतंय," त्यांनी निकाल दिला. मी तो इंग्रजीत सांगितला. दोघांनी वहीत लिहून घेतला.

मंडईतून बाहेर पडताना सासूबाईंचं बोट पुन्हा नाचलं आणि त्या थबकल्या. "सोळाच हायेत."

"असेल कुठं मागं," मी म्हटलं.

"मागं आसंल मंजे? सोडून जायचं व्हय? उन्हाचं, परक्या गावात?" त्यांनी छत्री मिटून आडवी धरली. सोळा माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. "तू हितं थांब. एकालाबी हलू देऊ नको." आणि एकट्या मंडईत शिरल्या.

ती दहा मिनिटं मला फार जड गेली. सासूबाईंना तिथली भाषा येत नव्हती, फोन वापरता येत नव्हता, आणि नवऱ्याला काय सांगायचं हे मी मनात जुळवायला लागले होते. तेवढ्यात त्या आल्या. मनगट धरून एका जाडजूड आजोबांना ओढत. आजोबांच्या दुसऱ्या हातात तिखट-मीठ लावलेल्या आंब्याच्या फोडींचा पेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तिखट खाऊन बसलं व्हतं एका कोपऱ्यात. उठंना," त्या म्हणाल्या. सोळा जणांनी टाळ्या वाजवल्या.

त्या गडबडीत वेळेचं भान राहिलं नव्हतं. कुणीतरी घड्याळ पाहिलं आणि एकदम गलका झाला. जहाज सुटायला थोडाच वेळ होता. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी नकाशा उघडला, उत्तर वर धरली आणि ठामपणे निघाले. पाच मिनिटांत आम्ही एका टायरच्या दुकानापाशी पोचलो, पुढं रस्ताच नव्हता. तेव्हा कुठं मला कोपऱ्यातला बारीक बाण दिसला. कागद छापणाऱ्यानं समुद्र वर दाखवला होता. वर उत्तर नव्हती, पश्चिम होती.

एवढ्या लोकांचं जहाज मी चुकवणार होते.

सासूबाई माझ्या कागदाकडं पाहतही नव्हत्या. त्यांनी पदर मोकळा सोडून तो कुठं उडतोय ते पाहिलं. "वारा कुठून येऊन राह्यला? समुंदराकडूनच ना? मंग तोंडावर घ्या आन् चला. जल्दी."

त्या पुढं, आम्ही मागं. काठी घेतलेल्या एक आजी मागं पडत होत्या, त्यांचा हात सासूबाईंनी आपल्या हातात घेतला. दोघी बोलत होत्या, एक इंग्रजीत, एक मराठीत. आजी सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या असं माझ्या कानावर आलं. सासूबाईही सुनेबद्दलच सांगत होत्या. दोघींचं छान जमत होतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

एका वळणावर मासळीचा वास आला आणि समोर समुद्र, आणि समुद्रात ते पांढरं जहाज. सासूबाई बंदराच्या फाटकाच्या बाजूला उभ्या राहिल्या. एकेक माणूस आत जाताना त्या खांद्याला बोट लावत होत्या. सतरावे ते तिखटवाले आजोबा. त्यांनी वाकून सासूबाईंच्या हाताला ओठ टेकवले. त्या इतक्या गडबडल्या, की पदर डोक्यावरून ओढून चक्क पाठमोऱ्या झाल्या.

संध्याकाळी नवरा आला. "आई, कसं वाटलं गाव?"

"रस्ते बरे हायेत," त्या म्हणाल्या. पाय चेपायला घेतले. मग म्हणाल्या, "उद्या बी जहाज येतं का रे?"