शिंगांच्या मापाचं दार

मी घर घेतलं ते म्हशीच्या शिंगांचं माप घेऊन. आमच्या भावकीत ही गोष्ट अजून हसायला सांगतात, आणि सांगणारे बहुतेक असे आहेत की ज्यांनी स्वतःचं घर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून घेतलं. म्हणून एकदा मीच लिहून ठेवते. अक्षरं मी उशिरा शिकले, लेकीच्या पाटीवर. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या असं म्हणायला हवं, पण मी म्हणणार नाही. नीट वाचा.

आमचं गाव आंदर मावळात होतं. होतं म्हणते, कारण आता तिथं पाणी आहे. मुंबईला वीज न्यायची म्हणून धरण बांधलं आणि मृगाच्या आत गाव मोकळं करा असा हुकूम आला. खाचरं किती मोलाची आणि घर किती मोलाचं, हेही घेणाऱ्यानंच ठरवलं. आमच्या घराला एकच दार होतं. त्यातून माणसं आत येऊन उजवीकडं वळत आणि गुरं डावीकडं गोठ्यात. एका बाजूची चौकट म्हशीच्या शिंगानं घासून घासून खोलगट झाली होती. त्या चौकटीची किंमत कुणी धरली नाही.

जमीन गेल्यावर बैल विकले. म्हैस मी विकू दिली नाही. माहेराहून पारडू म्हणून आणलेली, आता दुसऱ्यांदा गाभण होती. माझे धाकटे दीर लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होते. त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं कौलारू घर घ्यायचं, म्हैस विकायची, भावानं एका शेटजीच्या बंगल्यावर माळी म्हणून राहायचं आणि वहिनीनं त्याच बंगल्यात धुणीभांडी करायची. ते वाईट मनाचे नव्हते, पण ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हैस राहिली तर दुधावर घर चाललं असतं, मी कुणाची भांडी घासणार नव्हते. गेली तर दुसऱ्या दिवसापासून घासणार होते. एवढं सरळ होतं ते.

मग मी सुंभाची दोरी घेतली. एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या शिंगाच्या टोकापर्यंत धरली, दोन्हीकडं गाठी मारल्या आणि कनवटीला खोचली. घरधनी बघत होते. तसे ते कमीच बोलायचे.

पहिल्यांदा वडगावला गेलो. तिथं यांचे चुलतभाऊ होते आणि त्यांच्या परड्याला लागून एक घर निघालं होतं. तालुक्याचं गाव, कचेरी जवळ, माणसं आपली. जाऊबाईंनी चहा दिला आणि चहा संपायच्या आत सांगून टाकलं की म्हैस आमच्याच गोठ्यात बांधा, दूध एकत्रच काढू, वेगळी चूल कशाला. मी उठले आणि त्या घराच्या दाराला दोरी लावली. दार वीतभर कमी पडलं. मी म्हटलं, बसत नाही. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तोंडात साखर आणि मुठीत दावं, अशी ती माणसं. तिथं मी जन्मभर त्यांच्या गोठ्याची राखण केली असती.

तळेगावचं घर चांगलं होतं, हे कबूल करते. आळी झाडलोट केलेली, अंगणात तुळस, आणि हवा अशी कोरडी की छातीचे रोगी मुद्दाम येऊन राहत. मालक पेन्शनीत निघालेले गृहस्थ, बोलणं मऊ. मी दाराला दोरी लावताना त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, या आळीत घरात माणसं राहतात. जनावर गावाबाहेर ठेवा." गावाबाहेर म्हणजे कुठं, आणि गाभण जनावराकडं रात्री कोण बघणार, हे मी विचारलं. त्यावर त्यांनी उत्तर यांना दिलं, मला नाही. मी दोरी गुंडाळली. दार पुन्हा कमीच पडलं होतं.

परत येताना कामशेतला भेटेल तो शहाणपण शिकवत होता. लोणावळ्याला तेवढं जाऊ नका, म्हणे. चार महिने ऊन दिसत नाही, भिंतींना बुरशी येते, जनावर उभ्या उभ्या कुजतं. आंदर मावळातल्या माणसाला पावसाची भीती घालायची म्हणजे बेडकाला डबक्याची घालण्यासारखं आहे. ज्या गावात पाऊस एवढा, तिथं म्हैस घरातच बांधावी लागणार, मग तिथलं दारही तसंच असणार, असा मी हिशेब केला. हा हिशेब चुकला. दिरांनी दाखवलेल्या स्टेशनाजवळच्या घराचं दार तर सगळ्यात अरुंद निघालं. त्यातून मीच जेमतेम गेले. दिरांनी कपाळाला हात लावला. त्यांनी त्या मालकाला शब्द देऊन ठेवला होता, आणि मृग आठ-दहा दिवसांवर आला होता.

तिथून निघालो ते गावठाणाच्या कडेनं. एका घरापुढं एक म्हातारी सामान बांधत बसली होती. नवरा टांगा हाकायचा, खंडाळ्यापर्यंत. तो वारला, घोडा विकला, मुलगा खडकीला कारखान्यात लागला आणि तिला तिकडं बोलावत होता. मुसलमानाचं घर. मी न विचारताच दाराला दोरी लावली. दोरी बसली आणि दोन्हीकडं चार-चार बोटं जागा उरली. माझा हात तिथंच थांबला.

म्हातारी हसली नाही. तेवढी एकटीच. गाठींकडं बघून म्हणाली, "म्हस हाय व्हय? कितवा म्हैना?"

मी सांगितलं, आठवा. मग ती मला हाताला धरून आत घेऊन गेली. घोडा कुठं उभा राहायचा, फरशीला उतार कसा दिलाय, मूत वाहून कुठं जातं, पावसाच्या बाजूला गवताच्या तट्ट्या कधी बांधायच्या आणि कुणाकडून घ्यायच्या, सगळं दाखवलं. चूल कुठं आहे ते सर्वांत शेवटी दाखवलं. मी तिथंच म्हटलं, "मावशी, हे घर आमी घेतलं."

बाहेर दिरांचा आवाज चढला होता. घोड्याच्या वासाचं घर, तेही मुसलमानाचं. भावकी काय म्हणेल? आणि बाईमाणसानं नवऱ्याच्या आधी घर घेतलं म्हणून सांगायचं? मी दारात येऊन म्हटलं, "भावजी, भावकी आता चार गावांत पांगली. ती म्हनायला यायच्या आत आमाला पावसाच्या आत जायाचंय." दिरांनी भावाकडं पाहिलं. मीही पाहिलं. ते नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते? घरधन्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या दोरीकडं, आणि म्हातारीला विचारलं की खरेदीखत कधी करायचं.

म्हशीला चालवत आणायला दोन दिवस लागले. तिच्या चालीनं आलो. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आळीतली माणसं ओट्यांवर उभी होती, म्हातारी पाण्याची बादली घेऊन उभी होती, दीरही आले होते. म्हैस दाराशी थांबली, उंबरा हुंगला. मग तिनं मान वाकडी केली, एक शिंग पुढं घातलं, अंग तिरपं केलं आणि आत शिरली. चार-चार बोटं मोकळी असताना. जन्मभर जुन्या घरात जशी शिरत होती, तशीच.

हे माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "आपल्या घरी ती अशीच जायाची. वडगावच्या दारातनंबी गेली असती. तळेगावच्याबी."

"तुमाला ठावं व्हतं?"

"रोज बघत व्हतो की."

"मग बोलला का न्हाई?"

"तुलाबी ठावं व्हतं," ते म्हणाले.

होतंच. त्या चौकटीची खोबण मीच रोज सारवताना बघत होते.

आतून म्हशीचा पाणी प्यायचा आवाज येत होता. मी दोरीच्या गाठी सोडल्या.

"तिला मान वाकडी करायची सवय हाय," मी म्हटलं. "मला लावून घ्यायची न्हाई."