काकांच्या पायाचे मॅग्नेट

काकांच्या पायाची पट्टी हलली. पाय नाही, नुसती पट्टी. माझी फजिती इथूनच सुरू होते, म्हणून तेवढं आधी सांगून टाकते.

काकांना साखरेचा आजार. टाचेची जखम काही केल्या भरेना. पाय कापावा लागेल, असं एका डॉक्टरांनी सांगूनही झालं होतं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी नवा इलाज सुरू केला. काकूला एका लग्नाला समथर गावी जायचं होतं, म्हणून तिने मला नगरा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी आणून बसवलं. जाताना म्हणाली, "पायाला मॅग्नेट लावलेत. त्यातून काहीतरी पाझरतं म्हणे, त्याने जंतू मरतात. पट्टीला हात लावू नकोस."

मी बी.एस्सी. झालेली मुलगी. मॅग्नेटमधून काय पाझरणार, हे मला विचारता आलं असतं की नाही? पण मी काय केलं, तर चमचे, पेले, अडकित्ता, सगळं काकांच्या पलंगापासून लांब नेऊन ठेवलं. पायाला चिकटलं-बिकटलं तर?

आणि मग ती पट्टी हलली.

"काका, दुखतंय का?"

"नाही गं. गुदगुदी होतेय."

"मॅग्नेटने गुदगुदी होते?"

"मला काय माहीत, मिनू? पहिल्यांदाच लावलेत."

मी वाकून बघितलं. पट्टीच्या कडेतून एक पांढरी अळी डोकं बाहेर काढून इकडे तिकडे बघत होती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. स्टुलावर चढून.

जखमेत किडे झाले, म्हणजे पाय गेला. तोही माझ्या पहाऱ्यात. डॉक्टरांना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. तोवर नुसतं बसायचं कसं? फोन स्पीकरवर टाकला, पट्टी अर्धी सोडली आणि डोळे बारीक करून एकेक अळी चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकू लागले.

"मॅग्नेट काढतेस काय?"

"साफ करतेय, काका. तुम्ही भिंतीकडे बघा."

शेवटी एकदाचा फोन उचलला गेला. डॉक्टर इथलेच, हिंदी बोलणारे.

"डॉक्टर साहब, चाचाजी के घाव में कीड़े पड़ गए हैं. पर आप घबराइए मत, आधे मैंने मार दिए."



"बेटा, पड़े नहीं थे. हमने डाले थे. आपकी चाची से मैगट कहा था, यानी यही कीड़े, मैग्नेट नहीं. उन्हीं की लार से जर्म्स मरते हैं."

"तो... पैर?"

"पैर बच जाएगा, आधे भी काफ़ी हैं. बस, आप उनसे दूर रहिए."